म्हातारचळावर इम्युनिटीचं टॉनिक चालत नसतं, संपादकसाहेब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा, फक्त मायचा भाग ठेवा.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार, सहा एकर वावर आहे आणि गावच्या चौकात छोटंसं कृषी केंद्र चालवतो. तुमचा पेपर सकाळच्या एसटीने येतो आणि दुपारपर्यंत पानठेल्यावर दहा-पंधरा जणांच्या हातातून जातो, त्यामुळे तुमच्या पेपरात काय छापून येतं त्याला आमच्याकडे लय वजन आहे, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्तच. मागच्या महिन्यात आरोग्य पुरवणीत अर्ध्या पानाचा लेख आला, की अल्झायमर हा रोगप्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे होणारा आजार आहे, इम्युनिटी वाढवा आणि स्मरणशक्ती परत मिळवा. खाली काढ्याची कृती, वर एका हसऱ्या आजीचा फोटो. झालं. पुढच्याच आठवडी बाजारात एक माणूस तुमच्या लेखाची झेरॉक्स लॅमिनेट करून, ती टेबलावर उभी ठेवून बाटल्या विकत होता. नऊशे रुपयाला एक बाटली. आमच्या शेजारच्यांनी दोन घेतल्या, त्यांचे आबाजी दोन वर्षांपासून घरचा रस्ता विसरतात म्हणून. अठराशे रुपये म्हणजे निंदणाच्या किती मजुऱ्या होतात ते तुम्हीच काढा.

मला हसू यासाठी आलं की माझ्या दुकानात रोज हेच चालतं. तुरीला मर लागली, भाऊ टॉनिक द्या. कपाशीवर लाल्या आला, टॉनिक द्या. अरे बाबा, मर ही बुरशीची, मुळातून चढते, वरून टॉनिक मारून काय होणार? पण माणसाला टॉनिक हा शब्दच आवडतो आणि इम्युनिटी हा त्याच जातीचा शब्द आहे, करोनानंतर तर साबणापासून बिस्किटापर्यंत सगळ्यांवर लिहून येतो.

तर आता मायचं सांगतो.

माय 74 वर्षांची आहे. चार वर्षं झाली, आधी वरणात दोनदा मीठ पडायचं, मग एकच गोष्ट पाच खेपा विचारायची, मग एक दिवस पिठाच्या डब्यात चष्मा सापडला. गावातले म्हणाले साठी बुद्धी नाठी, चालायचंच. पण माझी पुतणी नर्सिंगला आहे, ती मागेच लागली म्हणून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तिथं बी ट्वेल्व, थायरॉइड, डोक्याचं स्कॅन, घड्याळ काढून दाखवा, तीन शब्द लक्षात ठेवा असं सगळं झालं आणि डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. डोनेपेझिल नावाची विसरण्यावरची गोळी सुरू झाली. बरं होणार नाही पण हळूहळू जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि तसंच चाललं होतं. म्हणजे एका पायरीवर सहा-आठ महिने, मग एक पायरी खाली.

मागच्या पोळ्याला मायने बैलांची आरती नीट केली. गाणं अर्धं विसरली, पण दिवा नीट ओवाळला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नातू लाकडाचा नंदी घेऊन आला तर तिने तो हातातून हिसकावून अंगणात फेकला आणि मला म्हणाली, "कोन व्हय बाप्पा तू? निंग माह्या घरातून." रात्री छपराकडे बोट दाखवून तिथं माणसं बसली आहेत म्हणायची, दार उघडून दोनदा रस्त्यावर गेली. दिवसा मात्र हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. हे सगळं दीड दिवसात. चार वर्षांत जेवढं बिघडलं नव्हतं तेवढं दीड दिवसात बिघडलं.

आता माझी चूक सांगतो, कारण ती गावोगाव होते. मला वाटलं आजार वाढला. भाऊकीतले म्हणाले, "बुढीले बाहेरचं झालं, बाबाजीकडं नेऊन पाय." तालुक्याच्या एका डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी जुने कागद बघितले, अल्झायमर वाचलं आणि म्हणाले आता असंच राहणार, झोपेची गोळी देतो. गोळीने दिवसाची गुंगी वाढली आणि रात्रीचा गोंधळ दुप्पट झाला. चौथ्या दिवशी आशाताई पोलिओच्या यादीसाठी आल्या होत्या, मायकडे बघून त्यांनी एकच विचारलं, "भाऊ, आईले लघवी कितीक खेप होते? जयजय (जळजळ) होते काय?" मला काय माहीत? बायकोला विचारलं तर ती म्हणाली दोन दिवसांपासून सारखं होतंय आणि वासही येतोय, पण ताप नाही म्हणून बोलली नाही. ताप नव्हताच, थर्मामीटर 98 दाखवत होता. पीएचसीत लघवी तपासली, पू निघाला, मग जिल्ह्याच्या ठिकाणी जंतू कोणता ते बघायची कल्चर तपासणी, अँटिबायोटिक, सलाइन. नवव्या दिवशी सकाळी माय ओसरीत बसून मला म्हणाली, "ढोराईले पानी पाजलं काय रे?" मी गोठ्यात जाऊन रडलो, हे छापू नका. छापा, काय फरक पडतो.

पण पूर्ण परत आली नाही. पोळ्याच्या आधी वेणी स्वतः घालायची, आता घालता येत नाही. तेवढी एक पायरी गेलीच.

लघवीच्या जंतूंनी डोकं कसं काय फिरतं, ते तर खालच्या अंगाला, डोक्यात तर गेलेच नव्हते, हा प्रश्न मला खात होता. पुतणीला विचारलं, तिच्या मॅडमनी समजावलं, मग मी पण मोबाइलवर बसून बसून वाचलं, इंग्रजीचं मराठी करून करून. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो, तुमच्याकडचे डॉक्टर लोक चुकलं तर सुधारतील.

हरभरा उगवला की आमच्याकडे रोही (नीलगाई) आणि रानडुकरं येतात आणि घरटी एक माणूस माळ्यावर जागलीला जातो. पहिल्या आठवड्यात जागल्या शहाणा असतो. टॉर्च मारतो, डबा वाजवतो, डुक्कर पळालं की बिडी पेटवून बसतो. वीस-पंचवीस रात्री झोप नाही झाली की मग पाचोळा हलला तरी गोफण सुटते. आमच्या चुलतभावाने अशाच एका पहाटे आपल्याच बैलाच्या पायावर दगड घातला होता. आता यात राखण कमी झाली म्हणायची की जास्त?

मेंदूत असेच जागले असतात, मायक्रोग्लिया म्हणतात त्यांना. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा नावाच्या माणसाने 1919 मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. आपण आईच्या पोटात असतानाच या पेशी मेंदूत येऊन बसतात आणि जन्मभर तिथंच राहतात. कचरा उचलणं, जंतू दिसला तर धरणं, मेंदूतल्या पेशींचे नको असलेले जोड छाटणं, सगळं त्यांच्याकडे. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाच्या प्रोटीनच्या गाठी साठतात, त्या तर 1906 मध्येच अलॉइस अल्झायमर डॉक्टरांनी एका बाईचा मेंदू मृत्यूनंतर तपासून सांगितल्या होत्या. हे जागले त्या गाठीभोवती गोळा होतात, कुंपण घालतात, जमेल तेवढं खाऊन टाकतात. म्हणजे सुरुवातीला ते आपल्याच बाजूने असतात. 2013 मध्ये दोन वेगवेगळ्या टीमना सापडलं की ट्रेम-टू नावाच्या जीनमध्ये एक छोटा बदल असेल तर अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट होतो, आणि हा जीन या जागल्यांचाच, गाठ ओळखून तिच्याभोवती जमायला लावणारा. म्हणजे ज्याचे जागले वेळेवर उठत नाहीत त्याला आजार जास्त. इथपर्यंत तुमचा लेख बरोबर वाटेल.

पण पुढे काय होतं बघा. गाठी जात नाहीत, वर्षानुवर्षं राखण चालू राहते, आणि हे जागले तापट होऊन बसतात, सूज आणणारी रसायनं सोडत राहतात. आणि जे जोड छाटायचे नव्हते तेही छाटायला लागतात. रक्तात जंतूवर शिक्का मारणारी जी प्रोटीनं असतात ना, कॉम्प्लिमेंट म्हणतात त्यांना, त्यांचाच शिक्का मेंदूतल्या चांगल्या जोडांवर पडतो आणि जागले ते गिळून टाकतात, असं 2016 मध्ये उंदरांमध्ये दाखवलं गेलं. 2020 मध्ये तर अल्झायमर झालेल्या माणसांच्या मणक्यातल्या पाण्यात बाहेरून आलेल्या टी पेशी, म्हणजे रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, सापडल्या, म्हणजे गावातलेच जागले नाही, बाहेरगावची माणसंही वावरात शिरलेली. तर एकाच मेंदूत एका ठिकाणी राखण कमी पडते आणि दुसऱ्या ठिकाणी नको तेवढी होते. याला नळासारखी चावी नाही की फिरवली आणि इम्युनिटी वाढली.

आता मायच्या लघवीचं. शरीरात कुठंही जंतू शिरले की रक्तात तीच सूजेची रसायनं येतात, आणि त्याचा निरोप रक्तातून आणि मज्जातंतूंमधून मेंदूतल्या जागल्यांना पोचतो. तरण्या माणसाला पण ताप आला की बोलू वाटत नाही, जेवू वाटत नाही, पडून राहावंसं वाटतं, बैल आजारी पडला तर तोही कोपरा धरून बसतो, ते यामुळेच. पण तरण्याचे जागले झोप झालेले असतात, दोन दिवसांत शांत होतात. अल्झायमरच्या माणसाचे आधीच वीस रात्री जागलेले. त्यांच्यापर्यंत निरोप गेला की गोफण सुटलीच. आणि म्हाताऱ्या शरीराला ताप चढवायची ताकद कमी, म्हणून बाहेरून काही दिसत नाही आणि डोकं मात्र फिरतं. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अल्झायमरच्या सुमारे 300 लोकांना सहा महिने बघितलं, तर ज्यांना मधल्या काळात इन्फेक्शनसारखं काही झालं त्यांची घसरण दुप्पट वेगाने झाली, आणि ज्यांच्या रक्तात टीएनएफ नावाचं सूजेचं रसायन सुरुवातीपासूनच जास्त होतं त्यांची तर चौपट. हे वाचलं तेव्हा मला मायच्या वेणीचा हिशोब लागला.

आणि संपादकसाहेब, इम्युनिटी वाढवून बघायचं मोठ्या लोकांनी आधीच करून बघितलंय. अमायलॉइडविरुद्ध शरीराला चेतवणारी लस काढली होती, 2002 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली कारण लस घेतलेल्यांपैकी शंभरात सहा जणांच्या मेंदूला सूज आली. मग उलटं करून बघितलं, सूज कमी करणाऱ्या गोळ्या, नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब, निरोगी म्हाताऱ्यांना देऊन अल्झायमर टाळता येतो का ते बघितलं, त्या चाचणीतल्या गोळ्या 2004 मध्ये बंद केल्या आणि फायदा काही दिसला नाही. चेतवूनही नाही आणि दाबूनही नाही. अमेरिकेत 2023 मध्ये लेकॅनेमॅब आणि 2024 मध्ये डोनानेमॅब अशा दोन औषधांना मान्यता मिळाली, ती बाहेर तयार केलेली अँटिबॉडी, म्हणजे नको ती गोष्ट ओळखून धरणारं प्रोटीन असते, गाठीला चिकटते आणि मग हेच जागले ती गाठ खातात. गाठी कमी होतात, घसरण थोडी हळू होते, पण ते फक्त अगदी सुरुवातीच्या पेशंटला आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो का बघायला एमआरआय परत परत करावा लागतो. जिथं सगळ्या जगाचे शास्त्रज्ञ इतक्या जपून पावलं टाकतात तिथं बाजारातली नऊशेची बाटली सरळ उडी मारून पलीकडे जाते, कमाल आहे. आणि काढा निरुपद्रवी असतो असंही समजू नका, 2021 मध्ये गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला मार बसल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी छापल्या होत्या. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला, पण तुमच्या लेखात त्या वादाची एक ओळ तरी यायला हवी होती.

एक गोष्ट मात्र मला लय आवडली, ती सांगतो. नागीण. आमच्याकडे नागिणीचं तोंड आणि शेपूट एक झालं की माणूस जातो म्हणतात, तीच नागीण. तिच्यावर लस आहे. ब्रिटनच्या वेल्स भागात नियम असा होता की 2 सप्टेंबर 1933 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती लस मिळणार, त्याआधीच्यांना नाही. म्हणजे एका आठवड्याने मोठा असलेला माणूस बाहेर आणि लहान असलेला आत, बाकी दोघं सारखेच. शास्त्रज्ञांनी बरोबर याचाच फायदा घेतला आणि 2025 मध्ये छापलं की लस घेतलेल्यांमध्ये सात वर्षांत स्मृतिभ्रंश साधारण एक पंचमांश कमी झाला, बायकांमध्ये फरक जास्त. का, ते अजून शोधतायत. यावरून लगेच सगळ्यांनी नागिणीची लस घ्या असं मी म्हणत नाही, आणि मायला तर आजार झालेलाच आहे. पण शरीराची राखण आणि मेंदू यांचं काहीतरी नातं आहे हे यातून दिसतं, आणि हे असलं छापलं असतं तर पानठेल्यावर दोन दिवस चर्चा झाली असती.

आता आमच्या खेड्यातलं एक सांगतो जे पुण्या-मुंबईच्या लेखात कधी येत नाही. मायला इन्फेक्शन का झालं? संडास अंगणाच्या पार टोकाला आहे. रात्री उठावं लागू नये म्हणून ती दुपारी चारनंतर पाणीच पीत नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं. अशा म्हाताऱ्या बाया घरोघर आहेत, उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हाही घोटभर पाणी पिऊन राहणाऱ्या. आम्ही आता ओसरीलाच कमोडची खुर्ची ठेवली, रात्रीचा लाइट चालू ठेवतो, आणि तांब्या भरून समोर ठेवायचं काम नातवाला दिलं. तो हिशोब ठेवतो, आजी तीन तांबे झाले, चौथा बाकी. फ्लूची लस डॉक्टरांना विचारून दिली. सर्दीची गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणणं बंद केलं, कारण क्लोरफेनिरामिनवाल्या गोळीनेही म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो हे सेवाग्रामलाच कळलं.

देशात साठीच्या वरचे जवळपास 88 लाख लोक स्मृतिभ्रंशाचे आहेत, म्हणजे शंभरात सातच्या वर, असा अंदाज 2023 मध्ये आला, आणि हे प्रमाण खेड्यात शहरापेक्षा जास्त, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे तुमचा वाचक तोच आहे, साहेब.

तर मागणी एवढीच, की त्या लेखाची दुरुस्ती छापा, आणि कोपऱ्यात नको, त्याच पानावर. त्यात लिहा की विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं वागणं महिन्या-महिन्याने बदललं तर तो आजार, पण दोन-चार दिवसांत एकदम बदललं, रात्री ओरडणं, दिवसा गुंगी, तर आधी इन्फेक्शन शोधा. लघवी, छाती, अंगावर कुठं जखम, पोट साफ होतं का, पाणी किती पिलं, नवी गोळी कोणती सुरू झाली. ताप नसला तरी शोधा. हेही लिहा की नुसते लघवीत जंतू दिसले म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नये, म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत जंतू असेही सापडतात, ठरवायचं डॉक्टरांनी. 14567 हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर आणि 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, दोन्ही मोठ्या अक्षरात द्या, आमच्याकडे चष्म्याचा नंबर बदलायला कुणी जात नाही. 21 सप्टेंबरला अल्झायमर दिवस असतो, तोपर्यंत थांबू नका.

तुमच्या जुन्या लेखाचं कात्रण पानठेलेवाल्याने अजून काचेवर चिकटवून ठेवलंय. त्याच्याशी बोलणं झालंय. दुरुस्ती आली की त्याच्यावरच चिकटवणार, डिंक माझ्या दुकानातला.

आपला,
एक कास्तकार वाचक
जि. यवतमाळ
(नाव-गाव छापू नये, भाऊकीतले भांडतील)